मनातल्या मनात दहापर्यंत

दोन वर्षांचं पोर बोलत नाही म्हटलं की घरात आधी बापाचा इतिहास निघतो. तोही म्हणे तीन वर्षांचा होईपर्यंत गप्प होता, आणि आता बघा, ग्रामसभेत दुसऱ्याला बोलू देत नाही. मग कुणी शंखातलं पाणी पाजायला सांगतं, कुणी वेखंड उगाळून जिभेला लावायला. वेखंडाच्या वाट्याला जाऊ नये, लहान मुलांना त्याने उलट्या होतात. पण या सगळ्यांत महाग पडतो तो 'बोलेल गो, घाई कसली' हा फुकटचा सल्ला. त्याचे पैसे महिन्यांच्या रूपात जातात.

हा सल्ला टिकून आहे, कारण तो अर्धा खरा आहे. दोन वर्षांना मागे असलेल्या मुलांपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त मुलं पुढे आपोआप बरोबरीला येतात. आपलं मूल त्या निम्म्यांतलं की उरलेल्यांतलं, हे मात्र नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही, बालरोगतज्ज्ञालाही नाही. अंदाज बांधायला चार गोष्टी कामाला येतात. सांगितलेलं त्याला किती समजतं, बोटाने आणि हाताने ते किती 'बोलतं', खेळताना खोटं खोटं जेवण करतं का, आणि कानाची काय स्थिती. समज चांगली, खुणा भरपूर, खेळ रंगलेला आणि कान तपासून ठीक निघालेले असतील तर एक-दोन महिने घरी नेटाने प्रयत्न करून बघायला हरकत नाही. यातली एकही गोष्ट लंगडी असेल तर थांबू नये.

ढोबळ खुणा अशा. वर्षाचं मूल नावाने हाक मारली की वळतं, टाटा करतं, 'बाबाबा', 'ददद' अशी बडबड करतं. सोळा महिन्यांपर्यंत एखादा तरी शब्द यायला हवा. दीड वर्षाचं मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवतंच, शिवाय नुसतं 'ते बघ' एवढंच सांगायलाही बोट दाखवतं, आणि दाखवून झालं की आपल्याकडे वळून बघतं. हे वळून बघणं फार मोलाचं. दोन वर्षांना साधारण पन्नास शब्द आणि 'बाबा गेला', 'दूद दे' अशा जोड्या. आलेले शब्द पुसले जायला लागले, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा.

शब्द मोजायचे कसे, हा गोव्यातल्या घरात जरा गमतीचा प्रश्न आहे. आई 'पाणी' म्हणते, शेजारची बाय 'उदक' म्हणते. आईचा 'कुत्रा' शेजारी गेला की 'सुणो' होतो. मूल दोन्ही म्हणत असेल तर दोन्ही मोजायचे, दोन शब्द म्हणून. 'भूभू', 'हम्मा', 'भुर्र' हेही शब्दच. अट एवढीच की त्याच वस्तूला तोच आवाज, आपल्या आपण, पुन्हा पुन्हा निघायला हवा. आपल्यामागून म्हटलेला शब्द मोजायचा नाही, आणि मोबाइलवरचं अख्खं इंग्रजी गाणं म्हणून दाखवलं तरी त्याचा हिशोब शून्य. शंभर पानी वही आणावी, तारीख टाकून आठवडाभर लिहावं. डाव्या पानावर समजणारे शब्द, उजव्यावर बोलतो ते. वाचा तज्ज्ञाच्या, म्हणजे स्पीच थेरपिस्टच्या, पहिल्या भेटीतला अर्धा तास ही वही वाचवते, आणि तो अर्धा तास पैशाचा असतो.

भाषेवरून आणखी एक सल्ला सर्रास मिळतो, पुष्कळदा शाळेकडून आणि कधी कधी दवाखान्यातूनही. 'घरात एकच भाषा ठेवा, शक्यतो इंग्रजी, नाहीतर मूल गोंधळेल.' याला आधार नाही. दोन भाषांत वाढणारी मुलं त्याच वयाच्या टप्प्यांत बोलायला लागतात. खरी अडचण असली तर ती दोन्ही भाषांत दिसते. उलट आजी मराठी सोडून मोडक्या इंग्रजीवर आली की मुलाच्या वाट्याला काय येतं? कम हिअर, सिट डाउन, गुड बॉय. आजीच्या मराठीत पेज निवते, नारळ पडतो, मांजर चोरून मासळी खाते, कोंबडीला हाकललं जातं. मुलाला हीच भाषा हवी. मराठी मोठी की कोकणी, हा वाद मोठ्यांनी बाहेर खुशाल घालावा, पाळण्याजवळ दोन्ही चालतात.

आता कान. हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो, म्हणून इथे थोडं रेंगाळतो. 'दार आपटलं की दचकतो, म्हणजे ऐकतो' हा तर्क फसवा आहे. दाराचा धडाका मोठा आणि जाड आवाजाचा असतो. 'स', 'श', 'फ' हे आवाज बारीक आणि हलके. कमी ऐकणाऱ्या मुलाला धडाका ऐकू येतो, पण 'फूल' आणि 'मूल' यांतला फरक कळत नाही. सर्दी वरचेवर होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं. दुखत नाही, ताप नाही, मुलाला मात्र कानात बोटं घालून ऐकल्यासारखं सगळं ऐकू येतं. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत नाक वाहणारी मुलं घरोघर असतात. पाणी कमी-जास्त होतं, त्यामुळे आज ऐकतो आणि उद्या नाही. घरचे म्हणतात, नाटकं करतो. जन्मल्यावर झालेल्या श्रवणतपासणीत 'पास' आलेलं असलं तरी ते त्या दिवसापुरतं. नंतर साठलेलं पाणी त्या कागदाला ठाऊक नसतं.

म्हणून स्पीच थेरपीवर पहिला रुपया खर्च करण्याआधी कान-नाक-घसा विभागात जावं. ओएई ही काही मिनिटांची तपासणी, कानात छोटी खुंटी बसवून केली जाते. टिम्पॅनोमेट्रीने पडद्यामागे पाणी आहे का ते कळतं. शंका राहिली तर बेरा, ज्यात डोक्याला आणि कानामागे तारा चिकटवून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बघतात. बेराला मूल झोपलेलं लागतं, आणि इथेच खेप फुकट जाते. वाळपईहून किंवा काणकोणहून पहाटे निघालेलं मूल बसमध्ये मांडीवर गाढ झोपतं आणि बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळाशी उतरल्यावर टक्क जागं होतं. मग यंत्र तयार, माणूस तयार, आणि पोर सगळ्या खोलीभर धावतंय. आदल्या रात्री उशिरा झोपवावं, पहाटे लवकर उठवावं, आणि प्रवासात त्याला जागं ठेवायचं काम एकाने अंगावर घ्यावं. खिडकी, खाऊ, गाणी, काय वाटेल ते. डोक्याला तेल लावू नये, तारा चिकटत नाहीत. केस आदल्या दिवशी धुवावेत. झोपेचं औषध द्यायचं ठरलं तर किती तास उपाशी ठेवायचं ते तिथल्या डॉक्टरांनाच विचारावं, शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नये.

सरकारी दारं बऱ्याच घरांना माहीतच नसतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांमधले जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब शोधायचे आणि पुढचे उपचार विनाखर्च द्यायचे, ही त्याची चौकट. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीची तुकडी यावी अशी त्यात व्यवस्था आहे. उशिरा बोलणं त्या यादीत बसतं. पण तपासणीच्या दिवशी पुष्कळ मुलं रांगेत असतात आणि गप्प मूल त्रास देत नसल्याने ते 'ठीक' म्हणून सुटतं. तेव्हा अंगणवाडी सेविकेला आधीच सांगून ठेवावं, आणि वाट न बघता आपल्या भागातल्या आरोग्य केंद्रात जाऊन चिठ्ठी घ्यावी. चिठ्ठीत नुसतं 'बोलत नाही' नको. 'वय २ वर्षे ४ महिने, अंदाजे १२ शब्द, जोडी नाही, श्रवणतपासणी व्हायची आहे' असं लिहून मागावं. अशी चिठ्ठी घेऊन आलेल्या मुलाला कुठल्या खिडकीवर पाठवायचं ते समोरच्याला लगेच कळतं.

उत्तरेला म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, दक्षिणेला मडगावचं, आणि दोन्हींच्या वर बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे गोमेकॉ. मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर शोधून उपचार करणाऱ्या जिल्हा पातळीवरच्या केंद्राला, डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटरला, इंग्रजी आद्याक्षरांनी डीईआयसी म्हणतात. चौकशीच्या खिडकीवर हेच नाव घ्यावं. त्या केंद्राच्या रचनेत बालरोगतज्ज्ञ, श्रवण-वाचा तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, विशेष शिक्षक अशी माणसं एका छपराखाली धरलेली आहेत. प्रत्यक्षात कोण कुठल्या वारी बसतं, कुठली जागा रिकामी आहे, हे बदलतं. निघण्याआधी फोन करून दोनच गोष्टी विचाराव्यात. वाचा तज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात, आणि नव्या मुलाला किती वाजेपर्यंत केस पेपर मिळतो. सोबत जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं पुस्तक आणि जन्मानंतर मूल काचेत ठेवलं असेल तर तो डिस्चार्ज कागद. गोव्यातला रहिवास दाखवणारं काहीतरी जवळ असावं, बाहेरच्या रुग्णांना गोमेकॉत शुल्क पडतं. गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विमा योजनेच्या कार्डावर मात्र फार भिस्त ठेवू नये. त्याचा भर इस्पितळात दाखल करून होणाऱ्या उपचारांवर आहे.

सरकारी दाराबाहेर सेतूसारखी मुलांच्या विकासासाठी काम करणारी विश्वस्त संस्था आहे, पर्वरीला संजय केंद्र आहे, फोंड्याला लोकविश्वास प्रतिष्ठान आहे. यातल्या काहींचं काम मुख्यतः विशेष मुलांच्या शाळेचं, तरी बाहेरच्या लहान मुलांना थेरपी मिळते का आणि उत्पन्नानुसार सवलत आहे का, हे विचारायला लाजू नये. 'विशेष शाळा' या पाटीला घाबरून आज्या पाय मागे घेतात. तिथल्या थेरपिस्टकडून शिकून आल्याने मुलावर कुठला शिक्का बसत नाही. निदानाबाबत सगळेच घोळ घालत असतील तर एकदा मुंबईच्या वांद्रे रिक्लेमेशनवरच्या अली यावर जंग संस्थेत किंवा मैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत सविस्तर तपासणी करून यावं. दोन्ही केंद्र सरकारच्या संस्था आहेत. रेल्वेचं भाडं धरूनही तीन ठिकाणच्या अर्धवट तपासण्यांपेक्षा ते स्वस्त पडू शकतं.

खासगीकडे गेलात तर आधी भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. श्रवण-वाचा विषयाची पदवी इंटर्नशिप धरून चार वर्षांची असते. भिंतीवरच्या सहा महिन्यांच्या कोर्सचं प्रमाणपत्र त्याच्या जागी चालत नाही. दुसरं म्हणजे आई किंवा बाबा खोलीत बसू शकतात का ते विचारा. 'तुम्ही बाहेर थांबा, तुम्ही असलात की तो काम करत नाही' असं कायमचं उत्तर मिळालं तर दुसरीकडे बघावं. एखाद-दुसऱ्या वेळी ठीक आहे. पण दोन वर्षांच्या मुलाच्या थेरपीत खरा विद्यार्थी मोठा माणूस असतो, आणि तोच बाहेरच्या बाकावर मोबाइल बघत बसला तर शिकवणी कुणाची चाललीय? तिसरं, लेखी अहवाल मागा. समजण्याचं वय किती, बोलण्याचं किती, आणि येत्या तीन महिन्यांचं उद्दिष्ट काय. 'बोलणं सुधारणे' हे उद्दिष्ट नव्हे. 'स्वतःहून दहा नवे शब्द, त्यातली चार क्रियापदं' हे उद्दिष्ट. शिट्टी फुंकणं, मेणबत्ती विझवणं, जीभ वर-खाली करणं यात तास घालवत असतील तर कशासाठी ते विचारा. अशा व्यायामांनी शब्द येत नाहीत. जिभेखालची दोरी कापल्याने मूल बोलायला लागेल, ही आशाही तशीच. दोरीचा संबंध असला तर दूध ओढण्याशी किंवा काही उच्चारांशी असतो, शब्द मुळात न येण्याशी नाही. आणि सहा महिन्यांचं पॅकेज आगाऊ भरू नये, कितीही सूट असली तरी.

पैशाचा हिशोब एकदा कागदावर मांडलेला बरा. दर जागोजागी वेगळे, समजा एका खेपेचे ६०० रुपये. आठवड्याला दोन खेपा धरल्या तर महिन्याला ४,८०० ते ५,४००, वर पेट्रोल आणि बुडालेला रोज वेगळा. यातून मुलाच्या वाट्याला येतात पाऊण तासाच्या आठ-नऊ बैठका, म्हणजे सहा-सात तास. आता दुसरी रीत. पंधरा दिवसांनी एक खेप, म्हणजे महिन्याला १,२०० रुपये. त्या खेपेत थेरपिस्ट आईला करून दाखवणार, मग आई करणार आणि थेरपिस्ट बघून चुका सांगणार. घरी वीस-वीस मिनिटं दिवसातून तीनदा, म्हणजे महिन्याला तीस तास. बैठक सुरू होतानाच सांगून टाकावं की आम्हाला दर आठवड्याला जमणार नाही, आम्हाला शिकवा. चांगला थेरपिस्ट हे ऐकून खूश होतो. ही रीत कान ठीक असलेल्या, नजर मिळवणाऱ्या, फक्त शब्दांत मागे असलेल्या मुलासाठी. ऐकण्याचा दोष किंवा स्वमग्नता (ऑटिझम) निघाली तर खेपा जास्त लागतात. पण तेव्हा आधारही थोडा वाढतो. स्वमग्न मुलांसाठी नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतची, आणि तीत थेरपीचा खर्च काही मर्यादेत धरला जातो. नुसत्या उशिरा बोलण्याला ती लागू नाही.

क्लिनिकमध्ये मूल तोंड उघडत नाही, हे ठरलेलंच. म्हणून घरात खेळताना, जेवताना, कुणाशी भांडताना दोन-दोन मिनिटांचे तीन-चार व्हिडिओ काढून न्यावेत. 'बोल ना बोल ना' म्हणून काढलेला व्हिडिओ निरुपयोगी.

घरचं काम दिसायला साधं आणि करायला कठीण. कठीण अशासाठी की त्यात मोठ्यांनी गप्प बसायचं असतं. संध्याकाळी पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, भोंगा वाजवत येतो तेव्हाचं उदाहरण घेऊ. लांबून पों-पों ऐकू येतं. एरवी काय होतं? आजी धावते, 'कोण आला? कोण आला रे? पोदेर आला ना? पाव हवा? म्हण पाव, म्हण ना!' पाच सेकंदांत चार प्रश्न आणि एक हुकूम, मुलाला शिरायला फट नाही. आता दुसऱ्या पद्धतीने. पों-पों ऐकू आलं की आपण थांबायचं, कानाशी हात न्यायचा, मुलाकडे बघायचं. मग एकदाच, 'पों! पोदेर आला.' दाराशी जायचं, पण कडी काढायची नाही. मुलाच्या उंचीवर बसायचं, त्याच्या तोंडाकडे बघत मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. दहा आकडे फार लांब वाटतात. चारवर जीभ वळवळायला लागते. सहाच्या सुमाराला मूल दाराला हात लावतं, किंवा आपल्याकडे बघतं, किंवा नुसतं 'उं' करतं. ती त्याची पाळी झाली. लगेच 'उघड! दार उघड,' म्हणून दार उघडायचं. दहापर्यंत काहीच आलं नाही तरी 'उघड' म्हणून उघडायचंच, ओलीस धरायचं नाही. पाटीवरचं निळं प्लास्टिक वर होतं, आत उंडे म्हणजे गोल पाव, आणि पोळ्या म्हणजे कोंड्याचे पाव. एका हातात उंडो, दुसऱ्या हातात पोळी धरायची. 'उंडो? पोळी?' पुन्हा दहा.

एका वेळी आठ-दहाच शब्द निवडावेत, आणि त्यात रंग, आकडे, प्राण्यांची नावं यांची भरती नको. ज्यांनी काम होतं ते शब्द घ्यावेत. दे, नको, उघड, वर, अजून, गेला, संपला, ये. फ्लॅशकार्डवरच्या सफरचंदाने मुलाला काहीही मिळत नाही, 'अजून'ने पेजेवरचं लोणचं मिळतं. तोच शब्द दिवसभर वेगवेगळ्या ठिकाणी पडू द्यावा. अजून पाणी, अजून झोका, अजून एक पान. मूल एक शब्द बोललं की आपण त्यात एकच घालायचा. ते 'गेला' म्हणालं तर आपण 'काऊ गेला', आणि पुढे गप्प. मोबाइल-टीव्ही दोन वर्षांखाली नको आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या आत, असं बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटनाही सांगते. गोम अशी की जेवताना मोबाइल काढून घेतला की पहिले चार-पाच दिवस घरात युद्ध होतं आणि मूल कमी जेवतं, म्हणून बहुतेक घरं तिसऱ्या दिवशी शरण जातात. ते चार-पाच दिवस सुट्टीत किंवा घरात दुसरं माणूस असताना निवडावेत.

महिन्याच्या महिन्याला वही उघडावी. तीन महिने रोज नेमाने करूनही उजवं पान हललं नाही, तर पुन्हा कान तपासावे आणि थेरपिस्टला खेपा वाढवायला सांगावं.

आणि एखाद्या संध्याकाळी दाराशी, सातव्या-आठव्या आकड्याला, 'पा' येईल. तेव्हा 'नीट म्हण, पाव म्हण' असं अजिबात म्हणायचं नाही. 'पाव! घे पाव,' म्हणून गरम उंडो हातात द्यायचा, आणि पोदेराचे पैसे देऊन झाले की वहीत लिहायचं. 'पा', म्हणजे पाव, आपल्या आपण, आणि पुढे तारीख.